जीन्स उलटी करून बघा: जपानी ठिगळांच्या किमतीचा हिशोब

पैठणी घेताना जाणती बाई ती आधी उलटी करते. पदरावरचा मोर मागूनही तेवढाच रेखीव दिसला, दोऱ्यांचं जाळं लोंबताना दिसलं नाही, की मगच भावाची बोलणी सुरू होतात. ठाण्यात माझं कपडे दुरुस्तीचं, म्हणजे अल्टरेशनचं छोटं दुकान आहे. तिथे येणारा प्रत्येक कपडा मी आधी उलटा करते. सुलट बाजू विकण्यासाठी असते. कपडा कसा बनला ते आतून कळतं.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आला. जपानमध्ये नागोयाला नोकरी करतो, सुट्टीवर घरी आला होता. पिशवीतून काढलेली जीन्स त्याने टेबलावर ठेवली तर धप्प आवाज झाला, इतकी ती जड. टोकियोतल्या एका लहानशा लेबलची. निळ्या रंगाच्या सात-आठ छटांची ठिगळं, त्यांवर जाड पांढऱ्या सुताचे धावदोरे, उजव्या मांडीवर जवळजवळ वीतभर भाग टाक्यांनी भरलेला, खिशांच्या कडा मुद्दाम विरवलेल्या. आणि डाव्या गुडघ्यावर, ठिगळाच्या अगदी कडेला, बोटभर फाटलेली. ही फाट मात्र मुद्दाम केलेली नव्हती. किंमत एक लाख येनच्या जरा आत, म्हणजे आपले पन्नास-पंचावन्न हजार रुपये.

त्याचे दोन प्रश्न होते. हे शिवून मिळेल का? आणि दुसरा, जरा चाचरत विचारलेला: "काकू, मी फसलो का हो?" आईच्या मते ती लक्तरं होती, मित्रांच्या मते कला. त्याला शिवणाऱ्या माणसाचं मत हवं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं. दुसऱ्याला वेळ लागला, कारण अशा जीन्सची किंमत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींची मिळून बनते आणि त्यांतली प्रत्येक गोष्ट निराळी तपासावी लागते. ते सगळं इथे सविस्तर लिहिते.

आधी कापड, कारण वरचं सगळं काम त्याच्याच जिवावर उभं असतं. डेनिममध्ये उभा धागा, म्हणजे ताणा, निळा असतो आणि आडवा, म्हणजे बाणा, पांढरा. ताणा साधारण तीन बाण्यांच्या वरून जातो आणि एकाच्या खालून, म्हणून सुलट बाजू निळी आणि उलट बाजू पांढरट. फाटक्या जीन्सच्या भोकात पांढऱ्या आडव्या दोऱ्यांची जाळी उरते ती या बाण्यांची. निळे ताणे झिजून तुटलेले असतात, बाणे अजून तग धरून असतात.

आता रंग. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवायला टाकीत असं रसायन घालावं लागतं की तिचा निळेपणाच जातो आणि पाणी पिवळट-हिरवं होतं. त्यात बुडवलेलं सूत बाहेर येतं तेव्हा हिरवट असतं. हवा लागते तसतसं ते बघता बघता निळं होत जातं. डेनिमसाठी तीनशे-चारशे ताण्यांचा एक दोर करतात आणि तो दोर बुडवायचा, हवेत फिरवायचा, पुन्हा बुडवायचा, असं सहा-आठ वेळा, गडद रंग हवा असेल तर त्याहूनही जास्त वेळा करतात. एवढं करूनही नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. वांगं चिरल्यावर दिसतं तसं: बाहेर रंगाची साल, आत पांढरं.

डेनिमची सगळी जादू या अर्धवट मुरलेल्या रंगात आहे. जिथे कपडा घासतो तिथे साल निघते आणि आतलं पांढरं दिसू लागतं. मांडीच्या सांध्यापाशी बसून बसून रेघा पडतात, त्यांना जपानीत हिगे म्हणजे मिशा म्हणतात. गुडघ्यामागे चौकटी पडतात, त्या हाचिनोसु, म्हणजे मधमाश्यांचं पोळं. पाकीट कोणत्या खिशात ठेवता, उकिडवे किती बसता, पाय दुमडून बसायची सवय आहे का, ते सगळं दोन वर्षांत कापडावर उमटतं. म्हणूनच काही जण कोरी, एकदाही न धुतलेली जीन्स विकत घेऊन ती स्वतः झिजवतात.

निळ्या जाड्याभरड्या कापडाचा विषय निघाला की मला मुंबईतली डोंगरी आठवते. इंग्रजीत जाड कापडाच्या कामाच्या पँटीला डंगरी म्हणतात तो शब्द आपल्या डोंगरीवरून गेलेला आहे. सतराव्या शतकापासून हे स्वस्त, टिकाऊ सुती कापड इथून जहाजांनी परदेशी जात होतं. तेव्हा खलाशी आणि मजूर ते वापरायचे. अशा कापडाला आज कोणी लाखभर येन मोजतं याचं मला नवल वाटतं, पण त्यात वाईट काही वाटत नाही.

जपानी जीन्सबद्दल बोलताना सेल्व्हेज हा शब्द हमखास येतो. त्याचा अर्थ एवढाच, की कापडाचा काठ मागावरच पक्का झालेला आहे. इचलकरंजीत किंवा मालेगावात ज्यांनी जुना साधा माग पाहिला आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल: धोट्याचा माग. धोट्यात बाण्याची कांडी असते. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, वळतो आणि परत येतो. दोरा तुटत नाही, काठाशी वळसा घेतो, म्हणून काठातून दशा निघत नाहीत. नव्या वेगवान मागांवर धोटा नसतो. बाणा दर फेरीला कापला जातो, काठ झालरीसारखा सुटा राहतो आणि शिवताना त्याला ओव्हरलॉक करावं लागतं. पायाची मोहरी दुमडल्यावर बाहेरच्या शिवणीपाशी पांढरा काठ आणि त्यात लाल किंवा दुसऱ्या रंगाची एक रेघ दिसली तर कापड धोट्याच्या मागावरचं आहे.

या मागाचं कापड अरुंद असतं, 28 ते 32 इंच पन्ह्याचं. एका जीन्सला तीन वारांच्या आसपास लागतं आणि माग मंद चालतो. साहजिकच महाग पडतं. जपानने हे माग अमेरिकेतल्या बंद पडलेल्या गिरण्यांतून उचलून आणले अशी एक गोष्ट फार ऐकायला मिळते. ती खरी नाही. तिथे चालतात ते बहुतेक जपानी बनावटीचेच जुने टोयोडा माग आहेत. साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये स्वयंचलित माग पूर्ण केला, आणि त्याच माग-कारखान्याच्या पोटातून 1937 मध्ये टोयोटा ही मोटार कंपनी निघाली.

पण सेल्व्हेज म्हणजे कापड चांगलंच, असं मात्र समजू नका. काठ पक्का असला तरी मधलं सूत हलकं असू शकतं. दर्जा कळतो कापसाच्या तंतूंच्या लांबीवरून, सुताच्या पिळावरून आणि कापडाच्या वजनावरून. वजन चौरस वारामागे औंसात सांगतात. रोजच्या जीन्स 10 ते 13 औंसाच्या असतात. 14 औंस म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ पावणेपाचशे ग्रॅम. जपानी मंडळी 21 औंसापर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात. असली पँट नवी असताना जमिनीवर उभी राहते, आणि ठाण्याच्या जुलैत तीन दिवस वाळत नाही.

आता जपानच का? ओकायामा प्रांतातल्या कुराशिकी शहरात कोजिमा नावाचा भाग आहे. समुद्र हटवून मिळवलेली ही खारट जमीन. भात होत नव्हतं, कापूस तग धरायचा. कापसातून आधी दोऱ्या आणि पट्ट्या विणल्या गेल्या, मग ताबी हे अंगठ्यापाशी फट असलेले मोजे आणि मग शाळेचे गणवेश. जाड कापड शिवणारी यंत्रं आणि ती चालवणारे हात गावात आधीपासूनच होते. 1965 मध्ये इथल्या मारुओ कंपनीने अमेरिकेहून आणलेल्या कापडाच्या जीन्स शिवल्या. पुढे याच कंपनीची बिग जॉन ही छाप झाली. शेजारच्या हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामाची काइहारा ही कंपनी 1893 पासून कासुरी, म्हणजे आपल्या इकतसारखं निळं-पांढरं कापड विणत होती. तिने 1970 मध्ये दोर-रंगाईचं यंत्र उभं केलं. 1973 मध्ये कुराबो गिरणीचं केडी-8 हे जपानी डेनिम आलं.

जपानला अमेरिकन जीन्सची पहिली ओळख झाली ती युद्धानंतर, सैनिकांच्या जुन्या कपड्यांतून. टोकियोच्या उएनो भागातल्या आमेयोको बाजारात ते विकले जात. जीन्स त्यांच्याकडे आली तीच कोणीतरी घातलेली, विरलेली, रंग उतरलेली. माझ्या मते जुनेराबद्दलचं त्यांचं प्रेम इथूनच सुरू होतं. पुढे ओसाकामध्ये छोट्या छोट्या छापांची एक फळी तयार झाली. स्टुडिओ दार्तिझां 1979 मध्ये सुरू झाली, एव्हिसु 1991 मध्ये. एव्हिसुचे हिदेहिको यामाने मागच्या खिशांवर हाताने समुद्रपक्ष्याची आकृती रंगवत. कारखान्यातून निघालेल्या पँटीवर एका माणसाच्या हाताची खूण ठेवायची, ही कल्पना तिथे ठसठशीत दिसते. कोजिमाचं कापिताल हे लेबल तोशिकियो हिराता यांनी 1980 च्या दशकात सुरू केलं आणि ठिगळं, टाके, जुन्या कापडांचे तुकडे हीच पुढे त्याची ओळख झाली. टोकियोत 2005 मध्ये गाकु त्सुयोशी यांनी फंडामेंटल या शब्दातली काही अक्षरं गाळून एफडीएमटीएल हे लेबल काढलं. तेही ठिगळकामासाठीच नावाजलेलं.

ठिगळं आली कुठून

या जीन्सवरच्या ठिगळकामाला बोरो म्हणतात. बोरोबोरो म्हणजे जीर्ण, चिंध्या झालेलं. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे. तिथे थंडी इतकी, की कापूस पिकत नाही. गरीब शेतकरी भांगेच्या जातीच्या झाडाच्या सालीचं सूत काढून कपडे विणायचे. ते टिकाऊ असतात, पण वारा आत येतो. पश्चिमेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने येणारी जहाजं वापरलेले सुती कपडे आणि तुकडे घेऊन यायची. त्यातला मूठभर तुकडा मिळाला तरी तो जपून ठेवायचा, विरलेल्या जागी लावायचा, आणि त्यावर धावदोरा घालायचा. पुढच्या हिवाळ्यात त्यावर आणखी एक तुकडा. असं करत करत तीन-चार पिढ्यांनी एकच कपडा वाढवत नेला. दोंजा नावाचं रात्रीचं अंगातलं पांघरूण असायचं, इतक्या थरांचं की काही तर दहा किलोंहूनही जड. त्यात आई-बाप आणि पोरं एकत्र निजायची.

टाके घालण्याच्या या पद्धतीला साशिको म्हणतात, शब्दशः बारीक टोचणी. ती शोभेची आहे असं आपल्याला वाटतं, कारण पांढऱ्या दोऱ्याची नक्षी निळ्यावर उठून दिसते. पण तिचं काम दोन थर एकमेकांना धरून ठेवण्याचं आणि मधे हवा अडकवून ऊब देण्याचं. जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, आग विझवणारे लोक साशिकोने जाड केलेले सुती कोट घालत आणि ते पाण्यात भिजवून आगीत शिरत. जुदोचं जाकीट आजही साशिको विणीचं असतं, कारण प्रतिस्पर्ध्याने ओढलं तरी ते फाटता कामा नये.

मराठी घरात हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. आपली गोधडी, वाकळ, चौघडी हेच करते. जुनेर खाली-वर, मधे आणखी जुनेर, आणि एका हाताने चापून दुसऱ्या हाताने घातलेला धावदोरा. आओमोरीच्या बाईने गोधडी पाहिली असती तर ती कशासाठी केली हे तिला विचारावं लागलं नसतं.

बोरो वापरणाऱ्यांना मात्र त्याची लाज वाटायची. ती गरिबीची निशाणी होती. दिवस बरे आल्यावर हे कपडे जाळले गेले, फेकले गेले किंवा माळ्यावर लपवले गेले. चुझाबुरो तानाका (1933–2013) या आओमोरीच्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने गावोगाव फिरून ते गोळा केले. त्यांचा संग्रह टोकियोच्या आसाकुसा भागातल्या अम्यूझ म्युझियममध्ये 2009 ते 2019 या काळात लोकांना पाहता आला. हे त्यांनी केलं नसतं तर आज डिझायनरांपुढे नमुना म्हणून ठेवायला फारसं काही उरलं नसतं.

म्हणून एक आक्षेप वारंवार घेतला जातो आणि तो मला गंभीर वाटतो. ज्या ठिगळांनी कोणाचं तरी बाळ थंडीत जगवलं, ती ठिगळं धडधाकट कापडावर लावून लाखभर येनला विकायची? बोरोमध्ये आधी भोक पडतं, मग ठिगळ येतं. या जीन्समध्ये आधी ठिगळाची जागा ठरते. हा फरक मोठा आहे आणि तो झाकून ठेवू नये. पण या मागणीमुळे हाताने टाके घालणाऱ्यांना काम मिळतं, आणि लाजेने जाळलं गेलेलं कसब पुन्हा हातांत येतं, हेही तेवढंच खरं. माझं मत असं झालं आहे: ठिगळ काही काम करत असेल, म्हणजे कापड धरून ठेवत असेल, तर ते बोरोच्या वंशातलं. नुसतं चिकटवलेलं असेल तर ते बोरोचं चित्र. दोन्हींची किंमत एक असू शकत नाही. आणि हे कळतं उलट्या बाजूने.

हाताचा टाका, यंत्राचा टाका

त्या मुलाच्या जीन्सचा उजवा पाय मी बाहेर ओढला आणि दिव्याखाली धरला. हाताने घातलेल्या धावदोऱ्यात दोरा एकच असतो, तो वर-खाली जातो. म्हणून वर जिथे टाका तिथे मागे मोकळी जागा, आणि वर मोकळी जागा तिथे मागे टाका. दोन्ही बाजूंना तुटक रेघ दिसते. टाक्यांची लांबी थोडी कमी-जास्त होते, वळणावर रेघ किंचित फुगते, आणि दोरा संपला तिथे शेवट आत लपवलेला सापडतो. यंत्राने साशिकोची नक्कल करता येते, पण मागे दोरा सलग किंवा साखळीसारखा दिसतो. तिसरा प्रकार म्हणजे मागावरच विणलेलं साशिको कापड. त्यात टाके शिवणीच्या आतपर्यंत जातात आणि पायाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंतर तंतोतंत एकसारखं असतं. तेही कापड दणकट असतं, फसवणूक नव्हे, मात्र त्याला हातकामाचा भाव देऊ नये.

त्याच्या जीन्सवर मांडीचं आणि दोन्ही गुडघ्यांचं काम हाताचं निघालं. मागच्या खिशाजवळचं यंत्राचं.

आता हिशोब. दहा सेंटिमीटरचा चौकोन घ्या. अर्ध्या सेंटिमीटरवर एक ओळ धरली तर वीस ओळी, आणि ओळीत वीस टाके, म्हणजे चौकोनाला 400 टाके. असे तीस चौकोन भरले, म्हणजे जीन्सचा साधारण चौथा हिस्सा, तर 12,000 टाके. गोधडीत मी मिनिटाला पंचवीस-तीस टाके सहज घालते, पण डेनिमच्या दोन थरांतून सुई ओढताना बोटं भरून येतात, तिथे पंधरा-वीस होतात. म्हणजे नुसत्या टाक्यांचे दहा ते तेरा तास. जपानमध्ये किमान वेतनाची देशभरातली सरासरी 2023 मध्ये तासाला 1,000 येनच्या वर गेली. तेव्हा अगदी शिकाऊ हाताचे धरले तरी टाक्यांचेच दहा-तेरा हजार येन होतात. त्यावर कापड, कटिंग, शिवण, धुलाई, रिव्हेट, लेबलचं भाडं, दुकानदाराचा वाटा. लहान लेबल एका नमुन्याच्या मोजक्याच जीन्स काढतं, त्यामुळे नमुना बनवण्याचा खर्च थोड्या पँटींवर वाटला जातो. ऐंशी-नव्वद हजार येनचा आकडा अशा रीतीने उभा राहतो. तो पोकळ नाही. पण काम हाताचं असेल तरच.

किमतीचा दुसरा तुकडा म्हणजे मुद्दाम आणलेलं जुनेपण. जपानी कारखान्यांत याला काको म्हणतात. झांव्याच्या दगडांसारख्या सच्छिद्र दगडांबरोबर धुतात, एन्झाइम घालतात, पोटॅशियम परमँगनेट फवारून रंग उडवतात, सँडपेपरने हाताने घासतात, हल्ली लेझरने वरची निळी साल जाळतात. लेझरचं काम ओळखायचं असेल तर त्याच नमुन्याच्या दोन जीन्स शेजारी ठेवा. मिशा दोन्हींवर अगदी त्याच जागी, त्याच लांबीच्या असतील. हातघासणीत थोडा तरी फरक पडतो.

यातला एक प्रकार आठवून माझ्या अंगावर काटा येतो. उच्च दाबाने वाळू मारून जीन्स विरवायची. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. तुर्कस्तानात तरुण कामगार या रोगाने गेले, तेव्हा 2009 मध्ये तिथे डेनिमवर वाळू मारायला बंदी आली. विरलेली जीन्स घेताना ती कशी विरवली हे दुकानदाराला जरूर विचारा. ज्या लेबलला सांगता येतं ते आनंदाने सांगतं.

आणि रंग उडवणारी रसायनं नुसता रंग उडवत नाहीत, सूतही कमजोर करतात. मुद्दाम विरवलेली जीन्स पहिल्या दिवसापासून थोडं आयुष्य खर्च करून आलेली असते. म्हणून कोरी घेऊन स्वतः झिजवणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यांचं दुसरं म्हणणं मात्र मला पटत नाही, की जीन्स सहा-सहा महिने धुवूच नये. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम आणि धूळ सुतात अडकून राहते, सूत आतून कातरलं जातं आणि बुरशीही लागते. उलटी करून, गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. रंग थोडा लवकर जाईल, पण कापड राहील.

महागडी जीन्स दुरुस्तीला देणाऱ्यांनी एक जपावं. फार वर्षांपूर्वी एका बाईंची जपानी जीन्स मी उंचीला कमी केली आणि मोहरीवर नेहमीची साधी टीप मारली. त्या नाराज झाल्या आणि त्यांचं बरोबर होतं. मूळ मोहरीवर साखळी टीप होती. ती टीप कापड किंचित तिरकं ओढते, धुतल्यावर मोहरीला दोरखंडासारखा पीळ दिसतो आणि रंगही तसाच पिळदार उतरतो. त्यासाठी लोक युनियन स्पेशल कंपनीचं 43200जी हे जुनं यंत्र शोधत फिरतात, ते आता बनत नाही. साखळी टीप घालायची सोय नसेल तर मी आता स्पष्ट सांगते, किंवा मूळ मोहरी कापून ठेवून तीच परत जोडते.

आता डाव्या गुडघ्याची फाट. ती ठिगळाच्या मधोमध नव्हती, कडेवर होती, आणि अशा जीन्स बहुतेक वेळा इथेच जातात. ठिगळाखाली दोन थर आणि दाट टाके, म्हणून तो भाग पुठ्ठ्यासारखा ताठ. त्याच्या शेजारी एकच थर, तोही रसायनाने विरवलेला. गुडघा दर वेळी वाकतो तेव्हा ताठ भाग वाकत नाही, सगळा ताण त्या सीमेवर येतो. जुन्या बोरोमध्ये असं कमी होतं, कारण तिथे एका ठिगळाची कड दुसऱ्या ठिगळाच्या पोटाखाली जाते, आणि टाके ठिगळ संपलं म्हणून थांबत नाहीत, पुढे विरळ होत जातात. लेबलच्या कारागिराने टाके सुबक चौकोनात थांबवले होते. दिसायला सुंदर, पण गुडघ्यावर ते चालत नाही. या कामातला खरा दोष मला तेवढाच सापडला.

मी आतून जुन्या, धुवून धुवून मऊ झालेल्या हलक्या डेनिमचा तुकडा घेतला, ठिगळापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठा. दोरा सुतीच घेतला. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, पण कालांतराने तोच आजूबाजूचं सूत कापतो. फाटलेल्या जागी टाके जवळजवळ, बाहेर जाताना लांब, आणि ओळी एका रेषेत न संपवता मागे-पुढे संपवल्या, म्हणजे ताठपणा एकदम न तुटता हळूहळू कमी होतो. दोन संध्याकाळी गेल्या.

न्यायला आला तेव्हा मी त्याला जीन्स उलटीच हातात दिली आणि बोट ठेवून दाखवलं: हे हाताचं, हे हाताचं, हे यंत्राचं, ही मिशी फवाऱ्याची, हा गुडघा कमी पडला. तू फसला नाहीस, मी म्हटलं. मोजलेल्या पैशांतले बरेचसे कोणाच्या तरी बोटांना मिळाले आहेत. तो बराच वेळ आतली बाजू बघत उभा होता. वर्षभर वापरूनही त्याने ती कधी उलटी केली नव्हती, धुतानासुद्धा नाही.

दिवाळीनंतर नागोयाहून त्याने फोटो पाठवला. चार-पाच धुलाया झाल्या असाव्यात. निळीने माझ्या पांढऱ्या टाक्यांना रंग लावला होता, तेही बाकीच्यांसारखे निळसर राखी झाले होते. सुलट बाजूच्या त्या फोटोत माझं काम कुठलं आणि टोकियोचं कुठलं, हे मलाच ओळखता येईना. मी त्याला लिहिलं, उलटी करून एक फोटो पाठव.